दाजींची नक्कल

माणसाची नक्कल करायची तर आधी त्याची चाल चोरावी लागते. बोलणं मागून आपोआप येतं. हे मला कोणी शिकवलं नाही. मी जन्मालाच चोर म्हणून आले. नांदेडच्या आमच्या गल्लीतल्या सगळ्यांच्या चाली मी दहाव्या वर्षापर्यंत जमवून ठेवल्या होत्या. घाटावरून ओलं लुगडं चापट्या मारत येणारी शेजारीण, देगलूरकडून येणारी, अर्धं तेलुगू अर्धं मराठी बोलत बांगड्या विकणारी कासारीण, मुदखेडला गाडी बदलताना हमालाशी हमखास भांडणारे वकीलसाहेब. बाबा मदरशात, म्हणजे शाळेत, गणित शिकवायचे. निजामाचं राज्य, त्यामुळे गणितसुद्धा उर्दूतून. त्यांच्या हेडमास्तरांची नक्कल मी सुरू केली की बाबा घाबरून उठायचे.

"गप! नोकरी जाईल माझी!"

असं म्हणत ते रस्त्याकडचं दार लावून घ्यायचे, कडी घालायचे आणि परत येऊन मांडी घालून बसायचे. "हं. आता कर."

पण माझं खरं गिऱ्हाईक म्हणजे माझी अक्का. माझ्याहून तीन वर्षांनी मोठी, घरातली शांत मुलगी. तिचं हसणं मात्र शांत नव्हतं. आधी नाकातून फुर्र असा आवाज यायचा, मग तोंडावर पदर, आणि मग हसू आवरेनासं झालं की दोन्ही हातांनी पोट धरून ती मटकन खाली बसायची. तोंड भिंतीकडे करायची, खांदे गदागदा हलायचे, आणि भिंतीलाच सांगायची, "पुरे गं, पुरे, मरते मी." अक्का खाली बसली की मी जिंकले. दुसरी कोणती परीक्षा मी मानत नव्हते.

तिचं लग्न लातूरला झालं. नवरा तहसील कचेरीत पेशकार, साहेबापुढे कागद ठेवणारा. गावात मान, अंगात काळी शेरवानी, पायात पंपशू आणि तोंडात मधासारखी उर्दू. आम्ही त्यांना दाजी म्हणायचो. असा जावई आमच्या सगळ्या गोतात नव्हता. आमच्याकडचे पुरुष बायकोला हाक मारत तेव्हा 'ए' पलीकडे शब्द नसायचा. काहींना तोही जड व्हायचा. ते नुसते खाकरायचे. आणि दाजी मात्र भर माणसांत माझ्या बहिणीला म्हणायचे, "तशरीफ लाइए, सरकार." या, सरकार! माझ्या अक्काला, जिला आई अजून 'बावळट' म्हणत होती.

पुढं माझंही लग्न झालं, नांदेडातच, दोन गल्ल्या सोडून. माझ्या सासूबाईंबद्दल सांगायला मला वेगळा कागद लागेल. देवणी गाईसारखी ऐसपैस बाई, आणि नकलेची भुकेली. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात मला म्हणाल्या, "लोक म्हणून राहिले तू माझी बी करून दाखवतीस मनून."

मी मान खाली घातली.

"खाली काय बघतीस? दाखव की!"

मी दाखवली. पाटावर बसताना त्यांचा आधी एक हात जमिनीला, मग एक उसासा, मग उरलेली बाई, असं सगळं. सासूबाई डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या आणि मला माहेरी जायची कायमची मोकळीक मिळाली.

अक्काला सातवा लागला तेव्हा आई आणि मी लातूरला गेलो. तिचं डोहाळजेवण करायचं आणि तिला पहिल्या बाळंतपणाला नांदेडला घेऊन यायचं. दाजींनी थाट असा केला होता की गल्लीतल्या बायका आठ दिवस तेच बोलत असणार. फुलांचे दागिने, जिलब्यांची ताटं, सतरंज्या. अक्का मधोमध बसली होती, हिरवं लुगडं नेसून, पदर पोटाभोवती घट्ट गुंडाळून. एका म्हातारीनं तिच्या पोटाला हात लावून विचारलं, "हलतंय का गं?"

"नाही," अक्का म्हणाली.

बायका खो खो हसल्या. "पहिलटकरीण! हिला वाटत असंल पोटात वारा धरला."

मग दोन झाकलेल्या वाट्या तिच्यापुढे आल्या. एकीत पेढा, एकीत बर्फी. पेढा निघाला तर मुलगा. "उघड," सगळ्या म्हणाल्या. अक्काचा हात उचललाच नाही. "कोणती उघडू?" "अगं, तुला वाटेल ती." "नको," ती म्हणाली. "कोणतीच नको." पुन्हा हशा. आईनं शेवटी तिचा हात धरून एक वाटी उघडायला लावली.

तेवढ्यात दारात दाजी आले. बायकांच्या घोळक्यात पुरुष! पण त्यांना सगळं माफ होतं. त्यांचा डावा बूट करकरायचा, उजवा नाही. त्यामुळे ते येताना कर्र-ठप, कर्र-ठप असा आवाज यायचा. त्यांनी स्वतःच्या हातानं खुर्ची आणून ठेवली, दोनदा घसा साफ केला, किंचित वाकले आणि म्हणाले, "तशरीफ लाइए, सरकार."

अक्का ताडकन उठली. अवघडलेली बाई अशी उठते का? तिच्या केसांतली वेणी खाली पडली.

"बघा, कशी उठली," एकजण म्हणाली. "याला म्हणतात वळण."

"वळण कसलं, शब्द बघ की त्याचा," दुसरी म्हणाली. "आमच्याकडं हे बोलले तर मी छपरावर चढंन."

मी काय करत होते? मी दाजींचा डावा बूट पाठ करत होते. ती कर्र जिभेची मागची बाजू दाढेला घासून निघते, हा शोध मला लातूरहून परतताना मोटारीत लागला. सगळा रस्ता मी पदराआड त्याचीच तालीम करत होते.

नांदेडला अक्काला मुलगा झाला. गोरा, दणदणीत, ओरडला तर गोदावरीच्या पलीकडे ऐकू जावं असा. आईनं त्याला पुसून अक्काच्या कुशीत ठेवलं. अक्कानं त्याच्याकडे पाहिलं आणि आईला म्हणाली, "हे कोणाचं आहे?"

"कोणाचं म्हणजे? तुझं!"

"माझं नाही हे."

थकल्यामुळे बोलते आहे, असं वाटलं. पण दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. तिला भ्रम नव्हता, ताप नव्हता. न्हाऊ घातलं की न्हायची, शेक दिला की पडून राहायची, भरवलं तर दोन घास खायची. मूल अंगाला लावलं की अंग चोरायची. लेकरू रडलं तर ती दाराकडे बघायची, लेकराकडे नाही. मग तिनं बोलणंही बंद केलं. दिवसभर बाजेवर भिंतीकडे तोंड करून. लेकरू शेळीच्या दुधावर आणि आईच्या मांडीवर वाढू लागलं.

आता आमच्या घरात वैद्यांना तोटा नव्हता. आमच्याकडे राहणारी काकू, बाबांच्या वारलेल्या भावाची बायको, हिचं मत पहिल्या दिवशीच ठरलं होतं. "बाहेरचं हाय. बाळंतिणीला धरलंय." तिनं बाजेखाली विळा ठेवला, उंबऱ्यात लिंबू, आणि दर्ग्यातून एक ताईत आणून अक्काच्या दंडाला बांधला. आई म्हणाली, "दृष्ट लागली. एवढा थाट करायलाच नको होता लातूरला." ती रोज मीठमोहऱ्या ओवाळायची. बाबांनी बदाम आणले. मदरशातले मौलवी त्यांना म्हणाले होते, अशक्तपणानं डोकं रिकामं होतं.

माझ्या सासूबाईंनी मात्र मांडी ठोकून सांगितलं, "कायबी न्हाई. नवऱ्याची आठवण येऊन राहिली पोरीला. 'सरकार सरकार' म्हणणारा नवरा. त्याच्यावाचून करमंल का? पाठवून द्या. आठ दिवसांत हसंल."

हे सगळ्यांना पटलं. मलाही पटलं.

त्यातच दाजींचा निरोप आला, ओळखीच्या माणसाकडून, नेहमीसारखा अदबशीर. सव्वा महिन्यावर ठेवलेल्या बारशाला येतोय. त्याच दिवशी दोघांना लातूरला घेऊन जाईन. सरकारांची तब्येत बरी असेल तर उत्तमच. नसेल तर मुलाला नेईन, आणि सरकारांना तुमच्याचकडे राहू द्या. माझ्या घराला घर चालवणारी बाई तर लागेलच. दुसरं लग्न असा शब्द त्यात नव्हता. त्याची गरजच नव्हती. आई रात्रभर रडली असावी. सकाळी तिचे डोळे सुजले होते. आता काहीही करून बारशापर्यंत अक्काला माणसात आणायचं आणि दाजींबरोबर गाडीत बसवायचं, एवढंच सगळ्यांना दिसत होतं. आईनं तिला सांगितलं, "बारशाला येताहेत तुला न्यायला."

"बरं," अक्का म्हणाली. कितीतरी दिवसांनी तिनं बोललेला तेवढा एक शब्द. त्यानंतर ते दोन घासही तिनं बंद केले.

बारशाच्या दिवशी दुपारी गल्लीतल्या बायका जमल्या. पाळण्याला झेंडूच्या माळा, घुगऱ्यांचा वास. दाजी संध्याकाळच्या आत येणार होते, नाव ते आल्यावर ठेवायचं होतं, म्हणजे मध्ये मोकळा वेळ होता. तेव्हा हाकाटी सुरू झालीच.

"काही करून दाखव की गं!"

"माझी कर, माझी," सासूबाई म्हणाल्या.

मी पदर खोचला. माझ्या डोक्यात एकच होतं: अक्का जाण्याआधी तिला एकदा खाली बसवायचं. फुर्र ऐकायचं. मग खुशाल जाऊ दे तिला. मी सासूबाई केल्या, छप्पर उडालं. कासारीण केली. वकीलसाहेब आणि हमाल, दोघांचं भांडण एकटीनं केलं. बायका एकमेकींच्या अंगावर पडत होत्या, काकूच्या दात नसलेल्या हिरड्या दिसत होत्या. अक्का बाजेवर बसून होती, उशीला टेकून. नजर समोर, पण समोर काही नाही.

ठीक आहे, म्हटलं. आता हुकमाचं पान.

मी आत गेले. खुंटीवरची बाबांची शेरवानी अंगात घातली, टोपी डोक्यावर, बूट पायात. माजघराच्या दाराआडूनच आवाज सुरू केला. कर्र-ठप. कर्र-ठप. बायकांना काही कळेना, पण आईला कळलं. ती हसत म्हणाली, "अगं बाई, जावईबापू!" मी दारात आले. दोनदा घसा साफ केला. वाकले. आणि गोड, हळू, अगदी त्यांच्या आवाजात म्हणाले, "तशरीफ लाइए, सरकार."

अक्का हलली.

काय सांगू मला काय आनंद झाला! ती बाजेवरून उतरली, दोन्ही हात पोटाला लावले, मटकन खाली बसली, तोंड भिंतीकडे केलं. खांदे गदागदा हलायला लागले. तेच! जसंच्या तसं! "हसली!" मी ओरडले. "हसली, हसली!" बायकांनी टाळ्या वाजवल्या. काकूनं कपाळाला हात लावून देवाला नमस्कार केला. मी अजून चेव येऊन दोन पावलं पुढे टाकली. कर्र-ठप.

"पाठीवर," अक्का म्हणाली.

टाळ्या चालू होत्या. मी जवळ होते, म्हणून मलाच ऐकू आलं.

"पाठीवर मारा. पोटावर नको. पाया पडते, पोटावर नको."

तिनं गुडघे वर घेतले होते. हात पोटावर आडवे, एकावर एक, बोटं कुशीत रुतलेली. ज्या पोटात आता काही नव्हतं त्या पोटावर. तिचं कपाळ भिंतीला घासत होतं, आणि ती हसत नव्हती.

टाळ्या एकदम थांबल्या नाहीत. आधी सासूबाईंच्या थांबल्या, मग त्यांच्या शेजारणीच्या, मग पुढच्या. मागे बसलेली एकजण बराच वेळ एकटीच वाजवत राहिली. मी तिथं उभी, बाबांच्या बुटांत, टोपी घालून, आणि मला पाय उचलता येईना. उचलला तर आवाज होईल असं वाटलं. आवाज तर माझ्या तोंडातून निघत होता. पण हे मला त्या वेळी सुचलंच नाही.

सासूबाई उठल्या. आधी हात, मग उसासा, मग उरलेली बाई. फक्त कोणी हसलं नाही. "पोरींनो," त्या म्हणाल्या, "घुगऱ्या घेऊन आपापल्या घरी जा." बायका गेल्या. आई, काकू, सासूबाई आणि मी उरलो. मी टोपी काढून अक्काजवळ बसले. "अक्का, मी आहे गं. बघ, मी."

तिनं बघितलं. आणि इतक्या दिवसांत जे झालं नव्हतं ते झालं: ती बोलली. सरळ, सावकाश, जणू आमचं फक्त विचारायचंच राहिलं होतं.

"बाहेर म्हणतात तसंच घरातही म्हणायचे. आवाज चढवायचे नाहीत. शेजाऱ्यांना काय ऐकू जाणार? सरकार म्हणताहेत, एवढंच."

"कशावरून गं? काय कारण?" आईनं विचारलं.

"कधी पाणी गार नव्हतं म्हणून. कधी होतं म्हणून. दिवस गेल्यावर थांबतील असं वाटलं होतं. उलट वाढलं. म्हणायचे, आता तुला लाडात यायला निमित्त मिळालं. तोंडावर कधी मारलं नाही. बूट घालूनच."

काकूच्या हातातलं लेकरू रडायला लागलं. अक्कानं पुन्हा दाराकडे बघितलं, आणि आता मला कळलं, ती दाराकडे का बघते.

"ते हलायचं ना, तेव्हा मला भीती वाटायची," ती म्हणाली. "ते हललं की मी दचकायची, मी दचकले की त्यांना वाटायचं मी नाटकं करते. मी त्याला सांगायची, हलू नको रे. मग एकदा जोरात लागलं. आणि ते खरंच थांबलं. त्या दिवशी हललं नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. मी न्हाणीघरात जाऊन रडून घेतलं. त्याचं सगळं करून घेतलं मी, मनातल्या मनात. दिवससुद्धा घातले. नंतर हलल्यासारखं वाटायचं, पण ते काय, हंडा कमरेवर घेऊन चाललं की आतलं पाणी हलतंच." तिनं लेकराकडे बोट केलं. "माझं तर गेलं, आई. मला तेव्हापासूनच माहीत आहे. तुम्ही हे कोणाचं आणलंत?"

डोहाळजेवणात बायकांनी विचारलं होतं, हलतंय का गं, आणि तिनं खरं उत्तर दिलं होतं. आम्ही हसलो होतो. दृष्ट, भूत, बदाम, नवऱ्याची आठवण, सगळं शोधून झालं. आणि आमचं औषध काय ठरलं? तर तिला त्याच घरी पाठवणं.

सासूबाईंनी स्वतःच्या दोन्ही गालांवर चापटी मारून घेतली. "मी म्हणलं व्हतं, नवऱ्याची आठवण. माझी जीभ झडली कशी न्हाई."

आणि त्याच वेळी रस्त्याकडच्या दाराच्या आतल्या ओट्यावरून आवाज आला. कर्र-ठप. कर्र-ठप.

आई माझ्याकडे बघायला लागली. खरंच बघायला लागली, मी करतेय का म्हणून. मी तोंडावर हात ठेवून मान हलवली.

बाहेर बाबा आणि शेजारचे दोन म्हातारे बसले होते. "आइए, आइए," बाबांचा आवाज. त्यांना आतलं काही ठाऊक नव्हतं. अक्कानं पुन्हा गुडघे वर घेतले. आई उठून बाहेर जायला निघाली आणि उंबऱ्याशी थबकली. काय बोलणार? तिच्या उभ्या जन्मात ती परक्या पुरुषांसमोर वाक्य बोलली नव्हती, आणि हे वाक्य तर कुठल्याच बाईनं बोललेलं तिनं ऐकलं नव्हतं.

"मी जाते," मी म्हणाले.

"तू काय सांगणार गं?" आई रडकुंडीला आली. "कोणत्या शब्दांत सांगणार?"

"सांगत नाही. करून दाखवते."

मी टोपी पुन्हा डोक्यावर घातली. सतरा वर्षांची सासुरवाशीण, पुरुषाच्या वेषात, ओट्यावर! मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "जा. सून माझी हाय. कोण काय बोललं तर मी बघती." आणि बाजेवरची गुंडाळलेली गोधडी त्यांनी स्वतः माझ्या हातात दिली.

दारात दोन दाजी समोरासमोर आले. ते आधी दचकले, मग दिलखुलास हसले. "वाह! क्या बात है! सालीसाहिबा!" म्हातारेही हसले. बाबा घाईनं उठले, रस्त्याकडचं दार लावायला, सवयीनं.

मी गोधडी जमिनीवर ठेवली. दोनदा घसा साफ केला. वाकले. "तशरीफ लाइए, सरकार." म्हातारे हसले. मग मी त्याच आवाजात, तितक्याच गोडीनं, विचारलं, "पाणी गार का नाही, सरकार?" आणि बूट उचलून गोधडीच्या मधोमध लाथ मारली.

कोणी हसलं नाही.

"आज पाणी गार का आहे, सरकार?" दुसरी लाथ. गोधडी उलगडत ओट्याच्या कडेला गेली. "लाडात येता काय, सरकार?" तिसरी. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं, पण आवाज हलला नाही. मी तो मोटारीत घोटून घोटून बसवला होता.

बाबांचा हात दाराच्या कडीवर होता. ते माझ्याकडे बघत नव्हते, दाजींकडे बघत होते. दाजी चिडले असते, 'हे काय चाललंय' म्हणाले असते, तर बाबांनी मलाच थोबाडीत मारली असती, असं मला आजही वाटतं. पण दाजींचा चेहरा पांढरा झाला, आणि आम्ही ओळखायला लागल्यापासून पहिल्यांदा ते साध्या मराठीत बोलले.

"तिनं सांगितलं?"

बाबा आम्हाला नेहमी सांगायचे, वर्गात खडू चोरीला गेला की पोरांना विचारतो. जो म्हणतो 'मी नाही घेतला' त्याला सोडतो, जो म्हणतो 'कोणी सांगितलं' त्याला धरतो. त्यांनी कडी घातली. वळले.

"जावईबापू," ते म्हणाले, "आत पाट मांडलाय. दारी आलेला माणूस उपाशी जाऊ नये. जेवा. पण जाल ते एकटे."

दाजी सावरले. "मुलगा माझा आहे. मुलाला नेतो."

"हाव का?" आतून काकू बाहेर आली. एका काखेत लेकरू, दुसऱ्या हातात विळा, बाजेखालचा. "बाहेरचं येईल मनून ठेवला व्हता म्या ह्यो. आलंच की शेवटी."

दाजी जेवले नाहीत. कर्र-ठप, कर्र-ठप, गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू येत होतं.

बारसं तसंच राहिलं. आमच्यात बाळाच्या कानात नाव आत्यानं सांगायचं असतं. आता त्या घरची आत्या कुठून आणणार? लेकराला सगळे 'लेकरू' म्हणूनच हाक मारत राहिलो. आणि कोणाला वाटत असेल की दाजी गेले आणि अक्का बरी झाली, तर तसं काही झालं नाही. नुसतं न पाठवल्यानं माणूस परत येत नाही. ती तशीच भिंतीकडे तोंड करून पडायची. गल्ली आम्हालाच बोलायची. एका वेडीसाठी सोन्यासारखा जावई घालवला म्हणून. सुगीच्या आत लातुरात दाजींचं दुसरं लग्नही लागलं. बाबांना ते मदरशात कोणीतरी मिटक्या मारत सांगितलं.

एक मात्र बदललं. काकूनं ताईत सोडला, आईनं मीठमोहऱ्या बंद केल्या, आणि अक्का बोलली की आम्ही ऐकायला लागलो. ती तेच तेच सांगायची. न्हाणीघर, रडून घेतलं, दिवस घातले. आई कधीच 'विसर आता' म्हणाली नाही. दर वेळी नव्यानं ऐकल्यासारखी मांडीवर लेकरू घेऊन ऐकायची. दाजींच्या दुसऱ्या लग्नाची बातमी आली त्या दिवशी अक्का स्वतःहून म्हणाली, "त्या पोरीला कोणी विचारेल का गं?"

"काय?"

"काहीही. पण हसल्याशिवाय."

मग एका दुपारी, मी तिथंच शेंगा फोडत बसले होते, अक्का कुशीवर वळली आणि लेकराकडे बघत राहिली. ते आपल्या पायाचा अंगठा तोंडात घालायच्या खटपटीत होतं.

"आई, हा तोच आहे का?"

"तोच," आई म्हणाली.

"म्हणजे त्यानं सगळं ऐकलं असेल."

"असेल."

"मी त्याला हलू नको म्हणाले होते."

"त्यानं ऐकलं बरं तुझं," आई म्हणाली. "म्हणून तर गप राहिला दोन दिवस. शहाणा आहे."

अक्का उठून बसली. हात पुढे केले. आईनं लेकरू दिलं. अक्कानं त्याला छातीशी नाही घेतलं. आधी पोटाशी धरलं, जिथं तो होता तिथं, आणि खाली वाकून त्याच्या कानात काहीतरी सांगितलं. नाव होतं ते. आत्याचा मान बाळाच्या आईनंच घेतलेलं आमच्या गोतातलं पहिलं बारसं, आणि त्याला हजर दोन बायका आणि शेंगांची टोपली.

तो मुलगा आता स्वतः संसाराला लागला आहे. राज्य बदललं, मदरशाची शाळा झाली. गेल्या महिन्यात त्याच्या बायकोचं डोहाळजेवण होतं. मी अर्थातच नकलांची तयारी करून गेले होते. सून मधोमध बसली, फुलं माळली, वाट्या झाकून ठेवल्या. अक्का ओटी भरायला पुढे आली, केस पिकलेली, हातात नारळ. सगळ्या बायका बघत असताना, तिचा मुलगा दारात पेढ्यांचं ताट घेऊन उभा असताना, तिनं सुनेला विचारलं:

"हा तुझ्या पोटाला धक्का लावतो का?"

बायकांच्या तोंडचं पाणी पळालं. मुलाच्या हातातलं ताट वाकडं झालं. "आई!" तो म्हणाला.

"तू थांब. तिला विचारतेय."

सून आधी लाजली, मग सासूच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि लाजायची थांबली. "नाही, आत्याबाई," ती म्हणाली. "आवाजही चढवत नाही."

"न चढवता काय करतो?"

"काही नाही. खरंच. पाय चेपून देतो."

दारातला पठ्ठ्या कानापर्यंत लाल झाला. बायकांतून कोणीतरी खुदकन हसलं, आणि मग मला तो आवाज आला. फुर्र. अक्का नारळ हातात धरून उभी होती, तोंडावर पदर, खांदे हलत होते. नारळ सुनेच्या ओटीत टाकून ती पोट धरून मटकन खाली बसली.

एवढ्या वर्षांनीसुद्धा माझं काळीज थांबलं. मी पुढे वाकून तिचा चेहरा नीट पाहिला. मगच हसले.